वाचक विचारतात: नॅनो औषध शरीरात गेलं, पुढे त्याचं काय होतं?

मागच्या अंकात नॅनोमेडिसिनवर चारच ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतके मेसेज आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. निम्मेअधिक प्रश्न घरात कुणीतरी आजारी आहे म्हणून आलेत, त्यामुळे उत्तरं घाईत उरकायची नव्हती. सुरुवातीला एवढंच डोक्यात ठेवा, एका मीटरचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. केसाची जाडी ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर, रक्तातली तांबडी पेशी ७ हजारांच्या आसपास, आणि औषधात वापरतात ते कण बहुतेक १० ते २०० च्या दरम्यानचे.

प्रश्न: आईला ओव्हरीचा कॅन्सर आहे, पहिल्या केमोनंतर परत आला. आता डॉक्टरांनी लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन सांगितलंय. कुणीतरी म्हणालं हे नॅनो औषध आहे, याला साइड इफेक्ट नसतात. आईचं हार्ट आधीच नाजूक आहे म्हणून जीव वरखाली होतोय. खरं काय?

उत्तर: ताई, आधी चांगलं ते सांगते. साधं डॉक्सोरुबिसिन म्हणजे ती लालभडक केमो, कॅन्सरवर जबरदस्त पण हृदयाच्या स्नायूला मारक, आणि ते नुकसान डोस साठत जातात तसं वाढतं, म्हणून आयुष्यभरात एकूण किती द्यायचं यालाच मर्यादा असते. ही अडचण सोडवायचीच म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं डोकं लावलं. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी दाखवून दिलं होतं की पेशीच्या आवरणात असतात तसले चरबीचे रेणू पाण्यात टाकले की आपोआप पोकळ गोळ्या तयार होतात, त्याच या लिपोसोम. त्यातून औषध म्हणून मान्यता मिळालेलं डॉक्सिल बाजारात यायला १९९५ उजाडलं, अमेरिकेत मान्यता मिळालेलं ते पहिलं नॅनो औषध. गोळी ८० ते १०० नॅनोमीटरची, आत औषध अक्षरशः स्फटिक होऊन बसलेलं आणि बाहेरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं म्हणजे पेगचं अस्तर, ज्यामुळे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींना ती पटकन ओळखू येत नाही आणि औषध रक्तात दोन-दोन दिवस फिरत राहतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची वीण घट्ट असते, तिथून एवढी मोठी गोळी सहज बाहेर पडत नाही, आणि ट्युमरच्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, जागोजागी उसवलेल्या, तिथून ती झिरपते. हार्टला धोका कमी होतो तो यामुळे. कमी होतो बरं का, शून्य होत नाही. म्हणून मधून मधून इको करायला सांगतील तो चुकवू नका.

पण साइड इफेक्ट नसतात हे वाक्य मला अजिबात मान्य नाही आणि ते कुणीही पेशंटला सांगू नये असं मला मनापासून वाटतं. औषधाची वाट बदलली की त्रासाची जागाही बदलते. हे औषध जास्त वेळ रक्तात राहतं म्हणून तळहात-तळपायांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून कातडीत उतरतं आणि मग तिथे लालसर होणं, आग होणं, सोलवटणं सुरू होतं, काहींना पेला धरणंही नकोसं होतं. आईला डोसनंतरचे काही दिवस खूप गरम पाण्यात हात-पाय घालू देऊ नका, घट्ट चपला-बूट नकोत, आणि त्रास सुरू झाला की पुढच्या डोसची वाट न बघता डॉक्टरांना कळवा, कारण डोस लांबवून किंवा कमी करून हे बऱ्यापैकी आटोक्यात येतं.

दुसरी गोष्ट पहिल्या सलाइनच्या वेळची. सुरुवातीच्या काही मिनिटांतच चेहरा लाल होणं, छातीत दाटणं, पाठीत कळ, धाप असं काहींना होतं. ही नेहमीच्या अर्थाची ॲलर्जी नसते, आपल्या रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची बचावयंत्रणा त्या कणांना जंतू समजून भडकते, म्हणून औषध आधी कधीच घेतलेलं नसलं तरी होऊ शकतं. यासाठीच सुरुवात अगदी सावकाश, मिनिटाला १ मिलिग्रॅम अशा वेगाने करतात. आईला सांगून ठेवा की जरा जरी वेगळं वाटलं तरी लगेच बोल, थांबवलं की बहुतेकांचं निवळतं.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. साधं डॉक्सोरुबिसिन आणि लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन ही नावं सारखी, रंगाने दोन्ही लाल, पण डोस वेगळे, आणि एकाच्या जागी दुसरं दिलं तर जीवावर बेतू शकतं. हे लिपोसोमवालं ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात, नेहमीच्या मिठाच्या सलाइनमध्ये नाही. बाटली लावायच्या आधी नर्सना नाव पूर्ण वाचून दाखवायला सांगा, त्यात संकोच कसला, चांगल्या नर्सला उलट बरंच वाटतं.

प्रश्न: दर आठवड्याला बातमी असते की नॅनोकणांनी उंदरांमधला कॅन्सर बरा केला. मी दहा वर्षं वाचतोय. माणसांचा नंबर कधी लागणार?

उत्तर: दादा, तुमचा वैताग रास्त आहे आणि या क्षेत्रातले लोकही हाच प्रश्न एकमेकांना विचारतात. ट्युमरच्या उसवलेल्या रक्तवाहिन्यांतून कण झिरपतात आणि तिथेच साचतात ही कल्पना १९८६ मध्ये जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडली आणि पुढची तीस वर्षं जवळजवळ सगळं क्षेत्र त्यावर उभं राहिलं. मग २०१६ मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने मागच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, की टोचलेल्या कणांपैकी ट्युमरपर्यंत पोचतात किती, तर निम्म्या प्रयोगांमध्ये ०.७ टक्क्यांहूनही कमी. शंभरातला एकसुद्धा नाही. बाकीचे जातात कुठे, तर मुख्यतः लिव्हर आणि प्लीहेत, कारण रक्तातली परकी बारीक वस्तू उचलायचं कामच तिथल्या पेशींचं.

आकडा वाचून बऱ्याच जणांचं अवसान गळालं, काहींनी हिशोबाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, पण त्यामुळे निदान खरा प्रश्न टेबलावर आला. शिवाय उंदीर आणि माणूस यात आकाराच्या पलीकडेही फरक आहे. प्रयोगातल्या उंदराला ट्युमर टोचून दोन-तीन आठवड्यांत वाढवलेला असतो, त्याच्या वजनाच्या मानाने प्रचंड, रक्तवाहिन्या खूपच गळक्या. माणसाचा ट्युमर वर्षानुवर्षं सावकाश वाढतो, त्याच्या आत दाब असतो, तंतूंचं जाळं असतं, आणि एकाच पेशंटमधल्या दोन गाठीसुद्धा सारख्या वागत नाहीत. मग उंदरात चाललेलं माणसात अडखळणारच. बाइंड थेराप्युटिक्स नावाची कंपनी नेमकं ट्युमर शोधून चिकटणाऱ्या कणांवर काम करत होती, खूप गाजावाजा झाला होता, ट्रायलचे निकाल अपेक्षेइतके आले नाहीत आणि २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

तरी काहीच झालं नाही असं म्हणू नका. पॅक्लिटॅक्सेल नावाची केमो पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती क्रेमोफोर नावाच्या तेलकट द्रावकात द्यायचे आणि त्या द्रावकाचीच तीव्र रिॲक्शन यायची, आधी स्टेरॉइड द्या, मग तीन तास सलाइन चालू ठेवा. २००५ मध्ये तेच औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रोटीनला बांधून १३० नॅनोमीटरच्या कणांत आलं आणि सलाइन अर्ध्या तासावर आली, द्रावक गेलं. २०१७ मध्ये व्हिक्सिऑस आलं, त्यात दोन जुनी औषधं ५ ला १ अशा ठरावीक प्रमाणात एकाच लिपोसोममध्ये बंद केलीत, आणि एका अवघड प्रकारच्या ब्लड कॅन्सरच्या वयस्कर पेशंटमध्ये जगण्याचा कालावधी साधारण ६ महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांवर गेला. ज्या घरात ते साडेतीन महिने मिळाले तिथे त्यांची किंमत काय असेल. पण बातमी वाचताना एक सवय लावून घ्या, प्रयोग कुणावर झाला ते आधी बघायचं, आणि उंदरावर असेल तर आशा ठेवायची पण घरातल्या पेशंटला ती बातमी फॉरवर्ड करायची नाही.

प्रश्न: हे कण शरीरात कायमचे साचून राहतात का? आज काही झालं नाही म्हणजे पुढे होणार नाही याची खात्री काय?

उत्तर: हा प्रश्न पाठवणाऱ्या काकांचे मी आभार मानते, कारण सगळ्या पत्रांत हा मला सगळ्यात मोलाचा वाटला.

एक जुनी गोष्ट सांगते. १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचं एक द्रव्य एक्स-रेसाठी वापरायला लागले. थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत ठेवलेले, आजच्या भाषेत नॅनोकणच. शिरेत टोचलं की रक्तवाहिन्या फिल्मवर इतक्या स्वच्छ दिसायच्या की डॉक्टर हरखून जायचे, आणि पेशंटला त्या वेळी काहीच त्रास नाही, ना उलटी ना पुरळ, टेबलावरून उठून घरी. काही डॉक्टरांना तेव्हाच शंका होती कारण थोरियम किरणोत्सारी आहे, पण फायदा समोर दिसत होता आणि धोका दिसत नव्हता, त्यामुळे १९५० च्या दशकापर्यंत ते जगभर चालू राहिलं. ते कण शरीराबाहेर गेलेच नाहीत. लिव्हर, प्लीहा, हाडांचा मगज इथे जाऊन बसले आणि आतून किरण सोडत राहिले, आणि वीस-तीस वर्षांनी त्या लोकांना लिव्हरचे कॅन्सर व्हायला लागले, त्यातला एक प्रकार तर एरवी अत्यंत दुर्मिळ. तीस वर्षांपूर्वी एक एक्स-रे काढला होता हे कित्येकांच्या ध्यानातही नसणार.

आज कुणी किरणोत्सारी कण असे सर्रास टोचत नाही, त्यामुळे थोरोट्रास्ट दाखवून आजच्या औषधांना घाबरवणं चुकीचं होईल. पण त्यातून जो प्रश्न उरतो तो मी प्रत्येक नव्या कणाला विचारते, की बाबा तू आत गेलास, आता बाहेर कुठून येणार?

याचं उत्तर कण कशाचा आहे त्यावर ठरतं. किडनीची गाळणी फार बारीक असते, साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कणच तिथून लघवीवाटे सहज निघून जातात. त्याहून मोठा असेल तर तो बहुतेक लिव्हरकडे जातो, मग तिथे तो मोडायला हवा. लिपोसोम चरबीचे, ते शरीर इतर चरबीसारखे पचवतं. अल्ब्युमिन प्रोटीन, तेही मोडतं. पीएलजीए नावाचं पॉलिमर, जे विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्यातही असतं, ते पाण्याने हळूहळू तुटून लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं. लोखंडाच्या ऑक्साइडचे कण हळूहळू शरीराच्या लोहसाठ्यात मिसळतात. पण सोनं, सिलिका, कार्बन यांचं तसं नाही, यातले मोठे कण लिव्हरच्या पेशींत महिनोन् महिने बसून राहतात हे प्राण्यांमध्ये दिसलेलं आहे. आणि कॅडमियम या विषारी धातूचे क्वांटम डॉट म्हणजे प्रकाश पडला की चमकणारे अतिसूक्ष्म स्फटिक, ज्यांच्या शोधाला २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, ते प्रयोगशाळेत पेशी रंगवायला अप्रतिम, पण वरचं आवरण झिजलं तर आतून कॅडमियम बाहेर येतं, त्यामुळे माणसाला टोचायच्या बाबतीत सगळे हात आखडूनच असतात.

अजून एक किचकट भाग आहे. रक्तात शिरल्या शिरल्या कणाभोवती रक्तातल्या प्रोटीनचा थर बसतो, त्याला प्रोटीन कोरोना म्हणतात, आणि मग शरीराला कण दिसतच नाही, तो थर दिसतो. म्हणजे बाटलीतला कण आणि रक्तातला कण या जवळजवळ दोन वेगळ्या वस्तू झाल्या. त्यात पृष्ठभागाचा हिशोब बघा, १ सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर, त्याच घनाचे १० नॅनोमीटरचे तुकडे केले तर तो होतो ६०० चौरस मीटर. वजन तेवढंच, पण शरीराशी संबंध येणारी जागा दहा लाख पट. त्यामुळे मोठ्या स्वरूपात निरुपद्रवी असलेली वस्तू नॅनो केल्यावरही तशीच राहील असं गृहीत धरता येत नाही, नव्याने तपासावंच लागतं. औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने नॅनो पदार्थ असलेल्या औषधांसाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना पक्क्या केल्या त्यातही रोख याच गोष्टींवर आहे, कणाचा आकार, पृष्ठभाग, तो शरीरात कुठे जातो आणि किती राहतो.

काका, तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या समोर एखाद्या ट्रायलचा कागद सहीला आला तर हेच विचारा, कण कशाचा आहे, कुठे मोडतो, आणि ट्रायल संपल्यावर किती वर्षं तुम्ही माझी चौकशी करणार आहात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर दाखवा म्हणा.

प्रश्न: लोखंडाचं इंजेक्शन सलाइनमधून दिल्यावर अर्धा तास बसवून का ठेवतात? मला काहीच होत नव्हतं, उगाच वेळ गेला.

उत्तर: वेळ वाया गेला नाही हो. रक्तवाढीसाठी देतात ती शिरेतली लोहाची औषधं बहुतेक सगळी नॅनोकणच असतात, मध्ये लोह आणि भोवती साखरेच्या जातीचं आवरण. त्यातल्या फेरुमॉक्सिटॉलचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा ते सरळ सिरिंजने द्यायचे, १७ मिलीलिटर, सेकंदाला १ मिलीलिटरपर्यंत वेगाने, म्हणजे १७ सेकंदांत काम फत्ते, आणि हाच त्याचा मोठा फायदा म्हणून सांगितला जायचा. मग प्रत्यक्ष वापरात तीव्र रिॲक्शनच्या, काही मृत्यूंच्याही नोंदी आल्या आणि २०१५ च्या मार्चमध्ये एफडीएने सर्वात कडक प्रकारचा इशारा लावला. आता ते पातळ करून किमान १५ मिनिटं सावकाश द्यायचं आणि नंतर निदान ३० मिनिटं लक्ष ठेवायचं. ट्रायलमध्ये काही हजार लोक असतात, हजारो-लाखोंत एखाद्यालाच होणारी गोष्ट तिथे दिसतेच असं नाही, ती नंतरच्या नोंदींतून कळते. म्हणून औषध घेतल्यावर काही वेगळं झालं तर डॉक्टरांना सांगून त्याची रीतसर नोंद करायला लावा.

प्रश्न: कोरोनाच्या एमआरएनए लशीत नॅनोकण होते म्हणतात. ते अजून आपल्या अंगात आहेत का? ग्राफीन, चिप वगैरे ऐकून घरात भांडणं झालीत.

उत्तर: ग्राफीन नव्हतं, चिप नव्हती. कण होते ते चार प्रकारच्या चरबीचे, साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचे, त्यात कोलेस्टेरॉलसुद्धा एक घटक. एमआरएनए, म्हणजे कुठलं प्रोटीन बनवायचं हे पेशीला सांगणारा निरोप, उघडं टोचलं तर काही मिनिटांत तुकडे होतात, म्हणून ते या चरबीच्या कणात गुंडाळलेलं. कॅरिको आणि वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते एमआरएनएची अक्षरं बदलून शरीराला ते पचेल असं करण्यासाठी, पण हे वेष्टन नसतं तर ते काम पेशीपर्यंत पोचलंच नसतं. आणि वेष्टन काही घाईत जन्माला आलं नव्हतं, तशाच कणांत घातलेलं पॅटिसिरॅन हे नसांच्या एका आनुवंशिक आजारावरचं औषध २०१८ मध्येच मान्य झालं होतं.

धोके होते का, तर होते आणि ते लपवायची गरज नाही. तीव्र ॲलर्जी दर दहा लाख डोसमागे साधारण ५ जणांना, म्हणूनच लस घेतल्यावर १५ ते ३० मिनिटं बसवायचे. हृदयाच्या स्नायूला सूज, ती विरळ, बहुतेक तरुण मुलग्यांमध्ये आणि दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत, आणि त्यातले बहुतेक बरे झाले. ॲलर्जीसाठी संशय पेगवर घेतला गेला कारण पेग आपल्याला इतर औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांतही भेटत असतं आणि काहींच्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार असतात. घरातल्या ज्यांना शंका आहे त्यांना हसू नका, शंका खऱ्या धोक्यांकडे वळवा, मग बोलणं तरी होतं.

याच कणांचं पुढचं काम मला फार हलवून गेलं म्हणून सांगते. ते रक्तात शिरले की त्यांच्यावर एपीओई नावाचं प्रोटीन बसतं आणि त्यामुळे लिव्हरच्या पेशी त्यांना स्वतःहून आत ओढून घेतात. वर ज्या लिव्हरला मी कॅन्सरच्या औषधांची वाट अडवणारी म्हटलं, तिथेच आजार असेल तर हीच ओढ कामी येते. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाला, ज्याच्या लिव्हरला जन्मजात अमोनिया आवरता येत नव्हता, त्याच्या एकट्याच्या जनुकातली एक चूक दुरुस्त करणारं औषध अशाच चरबीच्या कणांतून दिलं. काही महिन्यांत फक्त त्या एका बाळासाठी बनवलेलं औषध. आधी दिली जाणारी औषधं त्यानंतर कमी करता आली, आणि बाळ घरी गेलं. पुढची कित्येक वर्षं त्याच्यावर डॉक्टरांचं लक्ष असणार आहे.

प्रश्न: सनस्क्रीनवर आणि स्प्रेवर नॅनो लिहिलेलं असतं, वापरावं का?

उत्तर: क्रीम असेल आणि कातडी धड असेल तर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडचे कण वरच्या मेलेल्या थरातच राहतात, आत जात नाहीत, हे पुष्कळदा तपासून झालंय. उन्हाने होणारं नुकसान मात्र नक्की आहे, त्यामुळे क्रीम बिनधास्त लावा. युरोपात तर घटकांच्या यादीत अशा पदार्थापुढे नॅनो हा शब्द छापणं सक्तीचं आहे. स्प्रे आणि सुटी पावडर मात्र मी टाळते, कारण तिथे कातडीचा प्रश्न नसून फुप्फुसाचा असतो आणि तिथली भिंत फारच पातळ. खाण्याचंही वेगळं, टायटॅनियम डायऑक्साइडच ई१७१ या नावाने पांढऱ्या रंगासाठी खाद्यपदार्थांत घालायचे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं की ते जनुकांना इजा करत नाही असं खात्रीने म्हणता येत नाही, आणि २०२२ मध्ये तिथे खाण्यात बंदी आली. एकच पदार्थ, पण लावायचा, खायचा की श्वासातून घ्यायचा यावर उत्तर बदलतं.

आणि लेबलवरच्या शब्दावर जाऊ नका. २००६ मध्ये जर्मनीत मॅजिक नॅनो नावाचा बाथरूमला मारायचा स्प्रे आला, शंभराच्या आसपास लोकांना खोकला, धाप सुरू झाली, काहींना ॲडमिट करावं लागलं आणि माल परत मागवला. जगभर नॅनोच्या नावाने बोंब झाली. नंतर तपासलं तर त्यात नॅनोकण नव्हतेच.

प्रश्न: नॅनोरोबो रक्तात फिरून ब्लॉकेज काढणार हे खरं आहे का?

उत्तर: आज नाही. २०१८ मध्ये डीएनएच्या घड्या घालून केलेल्या नळीतून ट्युमरच्या रक्तवाहिन्या गोठवायचा प्रयोग उंदरांमध्ये झाला, तो सुंदर आहे, पण त्याला मोटर नाही, कॅमेरा नाही, एक घडी आहे जी ठरावीक प्रोटीन भेटलं की उघडते. कुणी पैसे घेऊन असला उपचार देतो म्हणत असेल तर तिथून निघा.

प्रश्न: ताई, मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे, औषध वाहून नेण्यासाठी कार्बन नॅनोट्यूबवर काम करते. लॅबमध्ये सगळे उघड्या टेबलावर पावडर वजन करतात, मी मास्क लावला तर हसतात. मी जास्त घाबरतेय का?

उत्तर: अगं, अजिबात जास्त नाही. हसू दे त्यांना. मीसुद्धा सुरुवातीला एका लॅबमध्ये असंच उघड्यावर वजन केलंय, कारण तिथे सगळे तसंच करायचे. ती काळी पावडर तूही बघितली असशीलच, काजळीपेक्षा हलकी, स्पॅच्युला जवळ नेला की चमच्यात यायच्या आधीच थोडी उडी मारून हातमोज्याला चिकटते आणि बॅलन्सचं काचेचं दार सरकवलं की त्या वाऱ्यानेसुद्धा उठते.

२००८ मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी लांब, ताठ, अनेक थरांच्या नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक पोकळ नळ्या, उंदरांच्या पोटाच्या पोकळीत घातल्या तेव्हा ॲस्बेस्टॉसने होते तशी सूज आणि गाठी दिसल्या. कारण साधं आहे, सफाई करणारी पेशी ती सुई गिळायला जाते, सुई पेशीपेक्षा लांब, अर्धी आत अर्धी बाहेर, पेशी तिथेच धडपडत राहते आणि दाहक द्रव्यं सोडत राहते. आखूड किंवा गुंता झालेल्या नळ्यांनी तसं झालं नाही. म्हणजे विष पदार्थात जितकं त्यापेक्षा जास्त आकारात. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २०१४ मध्ये यातल्या एका विशिष्ट प्रकाराला, एमडब्ल्यूसीएनटी-७ ला, माणसात कॅन्सरकारक असण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं, बाकीच्यांसाठी पुरावा अपुरा म्हणाले. कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश या संस्थेने २०१३ मध्ये कामाच्या जागी हवेत आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली आहे, म्हणजे डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधीच ती ओलांडलेली असते.

तर आता काय करायचं. तुझ्या नळ्यांची लांबी काय आहे ते कंपनीच्या कागदावर बघ आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली स्वतः मोज, ते तुझ्या थिसिसलाही लागणारच आहे. कोरडी पावडर हेपा म्हणजे अतिबारीक कण अडवणारा फिल्टर असलेल्या बंद कपाटातच उघडायची, आणि जमलं तर कोरडी मागवूच नको, द्रवात मिसळलेली मिळते ती घे. बाटलीचं वजन आधी करून, आत पावडर बंदिस्त जागेत टाकून, झाकण लावून पुन्हा वजन केलं की उघड्या बॅलन्सची गरजच पडत नाही. मास्क नुसता कापडी नको, चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन९५ किंवा त्याच्या वरचा. सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी ढवळणाऱ्या यंत्रात, टाकताना झाकण, कारण तिथून उडणाऱ्या बारीक तुषारांतही नळ्या असतात. सांडलं तर झाडू नाही, फुंकर तर नाहीच नाही, ओल्या कपड्याने पुसायचं आणि तो कपडा पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात. आणि पेशींवर प्रयोग करायच्या आधी नमुन्यात बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन आहे का ते तपासून घे, पुष्कळदा कणांवर फोडलेलं खापर खरं त्या घाणीचं असतं आणि वर्षभराचं काम फुकट जातं.

गाइडशी बोलायचा संकोच वाटत असेल तर आधी एक कर. आज काम संपल्यावर पांढरा टिश्यू ओला करून बॅलन्सच्या शेजारचा टेबलाचा कोपरा, दाराची कड आणि तुमच्या कॉमन लॅपटॉपचा कीबोर्ड पुसून बघ. टिश्यू काळा आला तर तो झिप पिशवीत घालून सरळ त्यांच्या टेबलावर नेऊन ठेव.